आरोपीच्या वकिलाची फी

गरीब आरोपीला वकील मिळाला पाहिजे, हे आपल्याकडे तसं लवकरच मान्य झालं. घोडं अडलं ते पैशापाशी. मुंबईत 1924 मध्ये बॉम्बे लीगल एड सोसायटी निघाली. 1949 मध्ये मुंबई सरकारने न्या. नटवरलाल भगवती यांची समिती नेमली. 1958 मध्ये विधी आयोगाने चौदाव्या अहवालात ही सरकारची जबाबदारी असल्याचं बजावलं. तरी तिजोरीकडे बोट दाखवणं चालूच राहिलं.

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कलम 304 आणलं आणि सत्र न्यायालयात सरकारी खर्चाने वकील देणं बंधनकारक झालं. खालच्या कोर्टांना ते लागू करायचं की नाही, हे मात्र राज्यांच्या मर्जीवर सोडलं. गरिबांवरचे चोरी-मारामारीचे बहुतेक खटले चालतात ते याच खालच्या कोर्टांत. 1976 मध्ये राज्यघटनेत मोफत विधी साहाय्याचं कलम 39अ आलं, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून.

खरं वळण दिलं ते सर्वोच्च न्यायालयाने, आणि त्यातला पहिला मोठा निकाल महाराष्ट्रातल्याच खटल्यातला आहे. 1978 च्या होसकोट प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांनी पैशाचा प्रश्न थेट हातात घेतला. ज्या सरकारने माणसावर खटला भरून त्याला तुरुंगात घातलं, त्याच्या वकिलाची फीही त्याच सरकारने द्यायची. पुढच्या वर्षी हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी देशाला दिसले. दोषी ठरले असते तर जितकी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ काही जण तारखेची वाट पाहत आत होते. भागलपूरमध्ये पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडल्याच्या अंधकांडानंतर 1981 मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी (1949 च्या समितीचे अध्यक्ष त्यांचे वडील) पैसे नसल्याची सबब कायमची मोडीत काढली. आरोपीने मागितला नाही म्हणून वकील दिला नाही, हेही चालणार नाही, असं सांगितलं. 1983 मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून न्यायालयाने आदेश दिला की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावं.

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 मध्ये झाला, अंमलात यायला मात्र 9 नोव्हेंबर 1995 उजाडला. कोठडीतल्या माणसाला, बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही, ही त्यातली फार मोलाची तरतूद. पण वकील पॅनेलवरचे, फी केसमागे, तीही तुटपुंजी. आपल्या खासगी केसेस सांभाळून उरलेल्या वेळात हे काम. त्यातून काय होतं, याचं एक उदाहरण पुरेसं आहे. मध्य प्रदेशात 2013 मध्ये फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीला ज्या दिवशी वकील नेमून दिला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. कागद वाचायला, आरोपीला चार प्रश्न विचारायला सवड कुठली? पंधरवड्यात फाशीची शिक्षा झाली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला नव्याने चालवायला लावला, आणि अशा गंभीर खटल्यांत वकिलाला तयारीला किमान सात दिवस द्यावेत असं सांगितलं. शेवटी तो माणूस निर्दोष सुटला.

म्हणून 2022 ची बचाव वकिलांची नवी योजना मला 39अ नंतरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. महाराष्ट्रात तिला लोक अभिरक्षक म्हणतात. जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतंत्र कार्यालय, पूर्णवेळ वकील, दरमहा ठरलेलं मानधन आणि खासगी वकिली बंद. सरकारी पक्षाचा वकील रोज कोर्टात असतो; आता बचावाचाही असू लागला. केंद्राने 2023-24 ते 2025-26 या तीन वर्षांसाठी 998.43 कोटी रुपये मंजूर केले.

तीन वर्षांचा हा हिशेबच मला खटकतो. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात खटला चालवणारा सहायक सरकारी अभियोक्ता लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो आणि निवृत्तीपर्यंत पदावर राहतो. लोक अभिरक्षक कार्यालयातल्या वकिलाची नेमणूक सुरुवातीला दोन वर्षांच्या कराराची, पुढे दरवर्षी मुदतवाढीची. तुरुंगांत चारपैकी सुमारे तीन कैदी कच्चे आहेत आणि एकेक खटला वर्षानुवर्षं रेंगाळतो. करार संपला की फाईल पुन्हा नव्या हातात, आणि आरोपीने आपली कैफियत पुन्हा पहिल्यापासून सांगायची. हा खर्च योजनेतून काढून कायमच्या पदांवर नेला पाहिजे, आणि तो आता नेला पाहिजे.