सावली मोजण्याचा संस्कार

दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. सूर्य थेट डोक्यावर आलेला असतो. हा 'शून्य सावली'चा खेळ मुले गच्चीवर हौसेने पाहतात. मात्र त्याच दिवसांत उघड्या मैदानावर तासन् तास खेळताना अंगावर पडणाऱ्या अतिनील किरणांचा विचार ना मुले करतात, ना पालक.

आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य निसर्गाने दिलेले कवच आहे. त्यामुळे उन्हापासून होणारा त्वचेचा कर्करोग गौरवर्णीय लोकांच्या तुलनेने भारतात पुष्कळच कमी आढळतो. हे सत्य मुलांना प्रथम सांगावे. भीती घालून दिलेले शिक्षण टिकत नाही. परंतु कवच म्हणजे अभय नव्हे. अतिनील किरणांमुळे पेशींच्या गाभ्याला इजा होते. बरीचशी इजा शरीर दुरुस्त करते, काही शिल्लक राहते आणि वर्षानुवर्षे साठत जाते. व्यापारी कुटुंबातील मुलांना हा हिशेब सहज समजेल : किरकोळ उधारी रोज थोडी थोडी थकत गेली की वर्षाअखेरीस तीच मोठी रक्कम होते. अकाली सुरकुत्या, काळे डाग आणि डोळ्यांतील मोतीबिंदू यांतही या किरणांचा वाटा असतोच.

त्वचेच्या कर्करोगाला केवळ ऊनच कारण होते असेही नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी 1945 साली एका शोधनिबंधात 'धोतराच्या कर्करोगा'चे वर्णन केले. धोतर कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून आवळल्याने तेथील त्वचा सतत घासली जाते, काळवंडते, जाड होते आणि क्वचित तेथेच कर्करोग उद्भवतो. पुढे 2024 साली वर्धा येथील डॉक्टरांचा सहभाग असलेल्या एका वैद्यकीय लेखात परकराची नाडी अथवा लुगडे घट्ट बांधणाऱ्या वृद्ध महिलांच्या कमरेवरील अशाच कर्करोगाची नोंद झाली. बरी न होणारी जखम हेच त्याचे लक्षण होते. असे रुग्ण थोडे असले तरी त्यांतून मिळणारा धडा मोठा आहे : रोग सवयीतून येत असेल, तर सवय बदलून तो टाळताही येतो.

म्हणून किशोरवयीन मुलामुलींना चार गोष्टी शिकवाव्यात.

पहिली, सावलीचा नियम. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर किरण प्रखर आहेत असे समजावे. कोल्हापुरात मे महिन्यात साधारण सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीनपर्यंत ही स्थिती असते. खेळाचा सराव त्यापूर्वी किंवा त्यानंतर ठेवावा.

दुसरी, वस्त्राचे महत्त्व. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, छत्री आणि दुचाकीवर तोंडाभोवती ओढणी ही स्वस्त व खात्रीची साधने आहेत. ऑस्ट्रेलियात 1980च्या दशकाच्या आरंभापासून मुलांना 'सदरा चढवा, मलम लावा, टोपी घाला' हेच शिकवले गेले. तेथील अनेक शाळांत टोपी नसेल, तर मुलाला सावलीतच खेळावे लागते. आपल्या पूर्वजांचा फेटा आणि आजीचा डोक्यावरचा पदर याच शहाणपणाचे रूप होते.

तिसरी, सनस्क्रीन आणि गोरेपणाचे मलम यांतील भेद. उघड्या भागावर किमान एसपीएफ 30 असलेले सनस्क्रीन बाहेर पडण्यापूर्वी भरपूर लावावे, घाम आल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. ते संरक्षणासाठी आहे; वर्ण उजळण्यासाठी नाही. उन्हाने रापलेला चेहरा उजळावा म्हणून मुले मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या सांगण्यावरून स्टेरॉइडयुक्त मलमे लावतात. त्यांनी त्वचा पातळ होते, मुरुमे उठतात आणि ऊन अधिकच सोसवेनासे होते. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. औषधांची दुकाने चालवणाऱ्या समाजबांधवांवर येथे विशेष जबाबदारी येते. गल्ल्यात पडणारे थोडे पैसे कोणा मुलीच्या चेहऱ्यापेक्षा मोठे नाहीत.

चौथी, निरीक्षण. महिनाभरात न भरणारी जखम, आकार वा रंग बदलणारा तीळ, तळपायावर किंवा नखाखाली वाढणारा काळा डाग दिसताच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. सावळ्या वर्णाच्या माणसांत मेलॅनोमा हा घातक कर्करोग अनेकदा तळपायावरच आढळतो आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. अनवाणी चालणाऱ्या ज्येष्ठांचे तळपाय म्हणूनच नियमित पाहावेत. आजीच्या कमरेवरील नाडीचा वळही नातीने अवश्य पाहावा. तो काळवंडला असेल तर नाडी सैल करावी, तिची जागा बदलावी, रुंद पट्टा शिवून घ्यावा.

उन्हाचे वैर करावयाचे नाही. हाडांना आवश्यक असलेले 'ड' जीवनसत्त्व उन्हातूनच मिळते. शाळेत जाता-येता लागणारे थोडे ऊन हितकारकच आहे. प्रश्न मर्यादेचा आहे. मर्यादेचा संस्कार शब्दांपेक्षा आचरणातून होतो. वडील भर दुपारी उघड्या डोक्याने वसुलीला निघत असतील, तर मुलाच्या हाती दिलेली टोपी दप्तरातच राहील.