बूस्ट वाढवल्यावर पेट्रोल का तुटते

पेडण्यात धारगळच्या रुंद झालेल्या महामार्गावर टर्बो पेट्रोल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जोरात ओढत असते आणि अचानक इंजिन मेल्यासारखा झटका बसतो. पुढच्याच क्षणी गाडी पुन्हा ओढू लागते. गॅरेजमध्ये ‘मिसिंग मारते’ म्हणून आधी प्लग आणि मग कॉइल बदलली जाते. पण हा झटका बूस्ट, म्हणजे टर्बो हवेला देतो तो जादा दाब, वाढवल्यानंतरच सुरू झाला असेल आणि दर वेळी त्याच दाबाला बसत असेल, तर दोष बहुधा प्लगचा नाही. इनटेक मॅनिफोल्डवरच्या मॅप सेन्सरने कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दाब कळवला आणि ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, इंजेक्टर बंद केले. याला फ्युएल कट म्हणतात. तो टाळायचाच, पण झटका देणाऱ्याचे तोंड दाबून नव्हे. ज्या कारणासाठी तो बसतो ते कारण दूर करून टाळायचा, एवढेच माझे म्हणणे आहे.

ते कारण उष्णतेत आहे. हवा दाबली की तापते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ३० अंशांची हवा ०.८ बार बूस्टला सुमारे ११० अंशांवर जाते आणि १.२ बारला सुमारे १४० अंशांवर. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढून घेतो, पण मे महिन्यात डिचोलीसारख्या ठिकाणी त्यावरून वाहणारा वाराच गरम असतो. अशी हवा सिलिंडरमध्ये गेली आणि तिच्या प्रमाणात पेट्रोल मिळाले नाही, तर मिश्रण पातळ होते, ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच कुठेतरी स्वतःच पेटते आणि इंजिन नॉक मारते. पिस्टनची कड वितळायला किंवा दोन रिंगांमधली पट्टी तुटायला फार वेळ लागत नाही. पेट्रोल अर्धवट कमी करण्यापेक्षा पूर्ण तोडणे इंजिनाला सुरक्षित असते, कारण जळायलाच काही उरत नाही. म्हणून झटका इतका कठोर असतो.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सेन्सरच्या तारेत बसवायची छोटी पेटी. ती सेन्सरचा व्होल्टेज मर्यादेच्या जरा खाली अडवून धरते. झटका थांबतो, मालक खूश होतो. पण बहुतेक गाड्यांत याच सेन्सरवरून पेट्रोलचा हिशेब होतो. हवा १.२ बारची आणि पेट्रोल ०.९ बारचे, अशी स्थिती नेमकी सर्वाधिक उष्णतेच्या वेळी येते. त्याऐवजी आधी बूस्ट आवरणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, नीट उघडतो का, फेऱ्या वाढतात तसा बूस्ट आपोआप चढत तर नाही ना, हे पाहावे. मग जास्त दाब मोजणारा सेन्सर बसवून ईसीयूमध्ये त्याची पट्टी बदलावी, इंजेक्टर आणि पंपाची क्षमता तपासावी, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून डायनोवर मिश्रण व ठिणगीची वेळ जुळवावी, आणि कटची मर्यादा नव्या बूस्टच्या थोडी वर पुन्हा ठेवावी. ती काढून टाकू नये. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल नॉक रोखायला मदत करते, पण तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागते, म्हणजे इंजेक्टरची शिल्लक तेवढी घटते.

चाचणी कुठे घेतली यालाही महत्त्व आहे. डिचोलीहून साखळी, केरीमार्गे चोर्ला घाट चढला की सुमारे ८०० मीटरवर बाहेरच्या हवेचा दाब ०.९२ बारच्या आसपास येतो. साध्या स्प्रिंगवर चालणारा वेस्टगेट बाहेरच्या दाबाच्या तुलनेत बूस्ट धरतो, मॅप सेन्सर मात्र एकूण दाब मोजतो. म्हणून घाटमाथ्यावर कट न बसणारी गाडी पेडण्याच्या किनाऱ्यावर त्याच बूस्टला झटके देऊ शकते.

डिचोलीत खनिज वाहणाऱ्या टिपरांचा दाखला देऊन कोणी म्हणेल, पंप वाढवूनही ती इंजिने चालतातच की. पण डिझेलमध्ये गणित उलटे आहे. तिथे जादा हवा इंजिन थंड ठेवते आणि जादा इंधन धूर व एक्झॉस्टची उष्णता वाढवते. त्या अनुभवावरून पेट्रोल टर्बोला हात लावणे धोक्याचे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कंपन्या मुद्दाम ताकद राखून ठेवतात. फियाटचे १.४ टी-जेट इंजिन लिनियात ११४ हॉर्सपॉवर द्यायचे, २०१५च्या अबार्थ पुंटोत १४५. शिल्लक होती, हे मान्य. पण टॉर्क पाहा: २०७ न्यूटन-मीटरवरून फक्त २१२. सिलिंडरमधल्या दाबाचा अंदाज टॉर्कवरून येतो, आणि तो कंपनीने जवळपास होता तिथेच ठेवला. तो वरच्या फेऱ्यांपर्यंत टिकवून धरला आणि त्यातून ताकद मिळवली. रिमॅप विकणारे मधल्या फेऱ्यांना टॉर्क एकदम उंचावतात, कारण पेडल दाबताच तोच जाणवतो, आणि कटची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. अबार्थची वाट धरली तर झटका येण्याचा प्रसंगच कमी येतो. आणि हेही सांगायला हवे की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये न बसणाऱ्या बदलासाठी कलम १८२अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.