हौदाचें पाणी कां बिघडतें?

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतचा आपला किनारा पूर्वी नारळी-पोफळीच्या वाड्या व त्यांतील विहिरी यांकरितां ओळखला जाई. विहिरीवर रहाट आणि पाटानें पोफळींच्या आळ्यांत जाणारें पाणी, हें दृश्य वडील पिढीच्या डोळ्यांपुढें अजून आहे. आतां सासवणें, आवास, किहीम, नागांव येथील पुष्कळ वाड्यांत बंगले झाले आणि बंगल्याबरोबर पोहण्याचा हौदही आला. मार्च २०२० मध्यें भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हांपासून मुंबईच्या मंडळींचें येणें अधिकच सोपें झालें आहे. मालक आठवड्यांतून दोन दिवस येतो. हौदाची निगा मात्र सातही दिवस वाडीवरील माणसाला राखावी लागते. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील, काका अथवा मामा हें काम करितात. तेव्हां हा विषय केवळ श्रीमंतांच्या चैनीचा नाहीं; तो आपल्या घरच्या भाकरीचा आणि जिवाच्या सुरक्षिततेचाही आहे.

गेल्या वर्षीं एक विद्यार्थी बाटलींत हिरवट पाणी घेऊन आमच्याकडे आला. त्याच्या वडिलांनीं तीन दिवस ओळीनें हौदांत क्लोरिन ओतला होता. दुकानदार म्हणे, आणखी ओता. पैसा गेला, पण हिरवेपणा जाईना, आणि शनिवार तर जवळ आलेला. आम्ही पाण्याची परीक्षा केली, तेव्हां क्लोरिन कमी नव्हता असें आढळलें. दोष दुसरीकडेच होता. वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. हौदाच्या बाबतींत मात्र आपण मात्रा आधीं देतों व नाडी पाहण्याचें विसरतों. आमच्या लेखाचें सार एवढेंच आहे: आधीं मोजावें, मग ओतावें.

प्रथम हौदांत पाणी किती आहे तें काढावें. समजा, हौद ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद व सरासरी १.२५ मीटर खोल आहे. त्यांत ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर पाणी मावतें. लिटरमागें एक मिलिग्रॅम क्लोरिन वाढवावयाचा, तर एकंदर ४० ग्रॅम क्लोरिन लागेल. शेंकडा १० ताकदीचें द्रवरूप हायपोक्लोराइट असेल तर तें सुमारें ४०० मिलिलिटर, व शेंकडा ३३ ताकदीची ब्लीचिंग पावडर असेल तर ती सुमारें १२० ग्रॅम पुरे. हा त्रैराशिकाचा हिशेब पांचवीचा मुलगाही करील. द्रवरूप औषधाची ताकद आपल्याकडील उष्म्यानें लवकर उतरते; म्हणून तें ताजें आणावें व सावलींत ठेवावें.

आतां सामू म्हणजे काय तें पाहूं. पाणी आंबट कीं खारट-तुरट, म्हणजे आम्लधर्मी कीं अल्कधर्मी, हें दाखविणारें हें माप डेन्मार्कमधील सोरेनसेन या रसायनशास्त्रज्ञानें १९०९ सालीं सुचविलें. आपले शेतकरी मातीच्या परीक्षेमुळें हा शब्द जाणतात. सात हा मध्य. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्क. क्लोरिन पाण्यांत मिसळला कीं त्याचीं दोन रूपें होतात. एक जंतूंना झपाट्यानें मारणारें, दुसरें अगदीं मंद. सामू ७.२ असतां सुमारें दोन तृतीयांश क्लोरिन पहिल्या रूपांत असतो, ७.५ च्या आसपास निम्मा. आणि ८ झाला कीं जेमतेम चौथाई. त्या विद्यार्थ्याच्या बाटलींतील पाण्याचा सामू ८.२ होता. म्हणजे वडिलांनीं ओतलेल्या सहा भागांपैकीं सुमारें पांच भाग आळसावून बसले होते! सामू ७.२ ते ७.८ व मोकळा क्लोरिन लिटरमागें १ ते ३ मिलिग्रॅम, हीं दोन मापें परीक्षापेटीच्या साह्यानें रोज पाहावीं. सामू चढला असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल थोडथोडें, पंप चालू असतां, हौदांत कोणी नसतां घालावें. कांहीं तासांनीं पुन्हां मोजावें व मगच पुढचा हप्ता द्यावा.

यापुढें एकेक विकार घेऊं.

पाणी हिरवें, भिंती बुळबुळीत: हें शेवाळ होय. सामू ७.२ ते ७.५ वर आणावा, भिंती व कोपरे ब्रशानें घासावे, आणि सूर्यास्तानंतर क्लोरिन एकदम १० मिलिग्रॅमपर्यंत चढवावा. वरील मापाच्या हौदास त्याकरितां सुमारें ४ लिटर द्रव लागेल. रात्रभर पंप चालवावा, सकाळीं फिल्टर उलट्या प्रवाहानें धुवावा. रात्रींत क्लोरिन फारसा घटेनासा होईपर्यंत हा क्रम चालूं द्यावा. क्लोरिन पुन्हां ३ च्या आसपास उतरल्याखेरीज कोणीं पाण्यांत उतरूं नये.

क्लोरिन घालतांच पाणी चहासारखें तांबूस, अथवा नितळ पण हिरवट झालें: येथें शेवाळ नसून बहुधा लोखंड आहे. बोअरच्या पाण्यांत किंवा गंजलेल्या नळांतून आलेलें लोखंड आधीं दिसत नाहीं. क्लोरिनशीं संयोग होतांच तें गंजाच्या रूपानें प्रकट होतें. पायरीवरील तांबूस डागावर जीवनसत्त्व क ची गोळी थोडा वेळ दाबून धरावी. डाग फिका पडला तर निदान बरोबर. अशा वेळीं आणखी क्लोरिन ओतणें व्यर्थ होय. तुरटी फिरवावी, पंप बंद ठेवून रात्रभर साका बसूं द्यावा आणि तो फिल्टरांतून न नेतां परस्पर बाहेर काढावा. तुरटीनें सामू उतरतो, म्हणून नंतर तो पुन्हां पाहावा.

पाणी दुधाळ: ग्लासभर पाणी घेऊन त्यांत व्हिनेगरचे थेंब घालावे. पाणी निवळलें तर तो चुना समजावा. किनाऱ्यावरील कित्येक विहिरींचें पाणी जड असतें, आणि सामू चढला कीं त्यांतील चुना बाहेर पडतो. ब्लीचिंग पावडर सरळ हौदांत टाकल्यानेंही असेंच होतें; ती बादलींत कालवून वरची निवळ तेवढी घ्यावी. व्हिनेगरनें पाणी निवळलें नाहीं, तर फिल्टरची वाळू तपासावी.

डोळे चुरचुरतात व क्लोरिनचा उग्र वास येतो: लोक म्हणतात, क्लोरिन जास्त झाला. खरें कारण बहुधा उलट असतें. घाम व मूत्र यांच्याशीं क्लोरिनचा संयोग होऊन जीं संयुगें बनतात, त्यांचा तो वास होय. मोकळा क्लोरिन संपत आल्याची ती खूण आहे. पोहण्यापूर्वीं साबणानें अंघोळ करण्याचा नियम येथें कोणत्याही औषधाहून स्वस्त पडतो.

क्लोरिन मापांत दिसतो, तरी शेवाळ येतें: सामूही ठीक असेल, तर पांढऱ्या गोळ्यांकडे पाहावें. उन्हांत क्लोरिन तासाभरांत निम्म्याहून कमी होतो; म्हणून या गोळ्यांत त्याला सांभाळणारें सायन्युरिक आम्ल असतें. लिटरमागें ३० ते ५० मिलिग्रॅम तें हितकर. परंतु तें उडून जात नाहीं, साठत जातें, आणि शंभरावर गेलें कीं क्लोरिनला जखडून ठेवतें. पाण्याचा कांहीं भाग बदलणें हाच व्यवहारांतला उपाय. मात्र पावसाळ्यांत हौद कधींही पुरता रिकामा करूं नये. त्या दिवसांत जमिनींतलें पाणी वर आलेलें असतें, आणि तें रिकाम्या हौदाला नावेसारखें उचलून तडे पाडूं शकतें.

आपला पाऊस तर स्वतंत्रच प्रकरण आहे. वरील हौदावर १०० मिलिमीटर पाऊस पडला कीं ३,२०० लिटर नवें पाणी येतें, आणि असे दिवस आषाढांत आपल्याकडे विरळा नाहींत. या पाण्यांत क्षार जवळजवळ नसतात. त्यामुळें हौदांतील पाण्याची सामू स्थिर राखण्याची शक्ति, जिला क्षारता म्हणतात, ती क्षीण होते. ती लिटरमागें ८० ते १२० मिलिग्रॅम असावी. आपल्या हौदांत ती १० नें वाढविण्यास सुमारें पाऊण किलोहून किंचित् कमी, म्हणजे ६७० ग्रॅम, खाण्याचा सोडा पुरतो.

शेवटीं जिवाच्या गोष्टी. आम्ल व क्लोरिन यांचीं औषधें एका बादलींत, एका डब्यांत, किंवा एका कोनाड्यांतही ठेवूं नयेत. तीं एकत्र येतांच क्लोरिन वायु सुटतो. हाच वायु १९१५ सालीं बेल्जममधील ईप्र शहराजवळ सैनिकांवर सोडला गेला होता. पूड व गोळ्या यांचीही परस्पर भेसळ करूं नये; स्फोट होतो. औषध पाण्यांत घालावें, पाणी औषधांत कदापि नव्हे. हातमोजे व चष्मा यांचा खर्च मालकाकडे मागण्यांत कसलाही संकोच नसावा. २०२४ सालीं केरळांत पाण्यांतील अमीबा नाकावाटे शिरून मेंदूचा दाह झाला व कांहीं मुलें दगावलीं. उबदार व क्लोरिन नसलेलें पाणी त्या जंतूला मानवतें. आणि हौदाच्या तळाची जाळी कांठावरून स्वच्छ दिसत नसेल, तर कितीही आग्रह झाला तरी कोणालाही पाण्यांत उतरूं देऊं नये; गढूळ पाण्यांत बुडालेलें मूल हातभर अंतरावरही दिसत नाहीं.

तो विद्यार्थी दुसऱ्या दिवशीं वहींत सामू, क्लोरिन व पाऊस अशीं तीन घरें आंखून घेऊन गेला. वडील मोजतात, मुलगा लिहितो. औषधांचा खर्च उतरला, हें तर झालेंच. पण त्याहून मोठें असें झालें कीं दुकानदारानें कांहीं सांगितलें तर वडील आतां वही उघडून दाखवितात. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरोघरीं अशी एकेक वही निघावी, एवढीच आमची इच्छा आहे.