आवाज कुणाचा?

पूर्वी नव्या गाडीचं कौतुक करताना लोक म्हणायचे, ‘‘इंजिन चालू आहे की बंद, तेसुद्धा कळत नाही हो!’’ आता उलटं झालंय. गाडी शोरूममधून घरी येते आणि महिन्याभरात तिच्या मूळ सायलेन्सरची रवानगी माळ्यावर होते. त्याच्या जागी बाजारातलं एखादं चकचकीत नळकांडं बसतं. का, तर गाडीला ‘आवाज’ हवा!

आमच्या घरात हा विषय आणला तो एकवीस वर्षांच्या चिरंजीवांनी. बुलेट माझ्या नावावर, हप्ते त्याच्या बाबांचे आणि चालवणार हा. ‘‘आई, फक्त सायलेन्सर बदलतो गं. सगळेच बदलतात.’’ मग त्याने प्रकार सांगितले. शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, गोल्डस्टार, पंजाबी, इंदोरी... साड्यांच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं मला.

माझा जीव अडकला होता तो आमच्या आप्पांपाशी. माझे सासरे कानाला मशीन लावतात. संध्याकाळी गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारणं हा त्यांचा विरंगुळा. खालून अशी एखादी गाडी धडधडत गेली, की ते दचकून मशीन काढतात आणि मग तासभर परत लावत नाहीत. म्हणजे तासभर बोलणंच बंद. आता तोच आवाज आपल्याच घरातून निघणार?

नुसतं ‘नाही’ म्हटलं की ही पिढी ऐकत नाही. म्हटलं, मोजूनच बघू या. वाहनांच्या आवाजाच्या सरकारी चाचणीत साडेसात मीटरवरून आवाज मोजतात. माझी शिवणाची टेप दीडशे सेंटिमीटरची, म्हणजे बरोबर पाच टेपा! रविवारी दुपारी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत खडूने रेघ मारली आणि मुलाच्या फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप घेतलं. फोनचं मोजमाप काही सरकारी नव्हे, शिवाय खऱ्या चाचणीत गाडी वेग घेत समोरून जाते, इथे ती उभी होती. पण फोन तोच, अंतर तेच, म्हणून तुलनेपुरतं चालून गेलं.

माझी स्कूटर रेस केल्यावर 69 डेसिबल. शेजारच्यांची मोटार, मूळ सायलेन्सरची, 66. आमची बुलेट 78. मुलाच्या एका मित्राने मोटारीचा मागचा डबा कापून सरळ पाइप बसवलाय, ती 87. आणि दुसऱ्या मित्राची शॉर्ट बॉटलवाली बुलेट तब्बल 91!

‘‘78 आणि 91, तेराचाच तर फरक आहे!’’ चिरंजीव म्हणाले. इथेच तर गंमत आहे. डेसिबलचा हिशेब आपल्या किराण्याच्या हिशेबासारखा नसतो. दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दसपट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. तेरा डेसिबल म्हणजे वीसपट ऊर्जा. एका बुलेटच्या जागी वीस बुलेट एकदम सुरू केल्यासारखंच की!

मग त्याच्याकडूनच सायलेन्सर समजून घेतला. इंजिनातून धूर सलग येत नाही, स्फोटागणिक झटक्या-झटक्याने येतो. सायलेन्सरच्या आत कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या असतात. लाटा त्यात आपटून एकमेकींना मारतात. काहींमध्ये काचेची लोकर भरलेली असते, ती आवाज शोषते. बाजारातल्या नळकांड्यात हे कप्पे कमी असतात किंवा नसतातच. आणि तो ‘फटाका’? इग्निशन बंद-चालू केलं की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. म्हणजे धमाका बापाच्या पैशांच्या पेट्रोलचा!

‘पिकअप वाढतो’ हा पुढचा मुद्दा. नुसता सायलेन्सर बदलून जाणवण्याइतकी ताकद वाढत नाही. इंधनाचं प्रमाण बिघडून उलटाच परिणाम होऊ शकतो. ‘आवाजामुळे लोकांना आपण दिसतो,’ हेही तसंच. सायलेन्सरचं तोंड मागे असतं, समोरून येणाऱ्याला त्याचा काय उपयोग? त्रास मात्र चालवणाऱ्याच्याच कानाला जास्त. कामाच्या ठिकाणी 85 डेसिबलमध्ये आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने 100 डेसिबलमध्ये फक्त पंधरा मिनिटं मिळतात. रस्त्यावरच्या माणसाला दोन मिनिटं त्रास, चालवणाऱ्याला मात्र कॉलेजला जाऊन येईपर्यंत.

आता कायदा. 2005 पासून लागू झालेल्या मर्यादांप्रमाणे 175 सीसीच्या वरच्या मोटरसायकलला 80 डेसिबल आणि साध्या मोटारीला 74. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 ही पातळी ठरवली आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा आवाजाचे निकष मोडून गाडी चालवणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने रद्द अशी तरतूद आली. गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकासाठी वेगळी शिक्षा. मालक कोण? आरसी बुकात नाव माझं! ते वाचून दाखवल्यावर चिरंजीव पहिल्यांदा गप्प झाले.

पण खरं काम कायद्याने केलं नाही, आप्पांच्या मशीनने केलं. ‘‘हे घाल कानात आणि मित्राला म्हणावं गाडी चालू कर,’’ असं आप्पाच म्हणाले. त्याने घातलं. गाडी सुरू झाली आणि दोन सेकंदांत त्याने ते ओढून काढलं. काही बोलला नाही, पण सायलेन्सरचा विषय पुन्हा निघालेला नाही. मित्रांच्या गाड्या मात्र अजून तशाच आहेत. ‘‘त्यांना सांगायला मी जाणार नाही,’’ असं त्याने स्पष्ट बजावलंय.

मैत्रिणींनो, महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले आहेत. रात्री-अपरात्री त्रास झाला, तर 112 ला फोन करता येतोच. पण सायलेन्सर रस्त्यावर येण्याआधी घरात येतो, बहुतेक वेळा आपल्याच पैशांनी. तेव्हा पुढचं ‘फक्त एवढंच बदलतो गं’ ऐकाल, तेव्हा आधी आरसी बुक काढा आणि शिवणाची टेपही.