चेहऱ्याचा ताळेबंद

ऊस दातांनी सोलावा, तांबड्या रश्श्यातली नळी चोखावी, वाळली भाकरी कडाकडा मोडावी, हे आम्हा कोल्हापूरकरांना सांगावे लागत नाही. पण तोंड मिटले तरी ज्याचे पुढचे दात एकमेकांना भेटतच नाहीत, त्याने काय करायचे? तो घास बाजूच्या दाढांकडे ढकलतो, कसाबसा चावतो आणि पंगतीत सर्वांत शेवटी उठतो. आपण मात्र त्याची हनुवटी तेवढी पाहतो आणि टोपणनाव ठेवून मोकळे होतो.

बँकेत असताना कर्जाच्या अर्जांवरचे हजारो फोटो माझ्या नजरेखालून गेले. त्यांत ओठ घट्ट दाबलेले, मान किंचित वळवलेले तरुण चेहरे असत. ही नुसती लाज नसते. कुणाचा उच्चार अडतो, कुणाचे ओठ मिटत नाहीत. खालचा जबडा फारच लहान असेल, तर काहींचा झोपेत श्वासही कोंडतो.

अशा वेळी दोष दातांत नसतो, हाडांत असतो. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांच्या मापाने वाढलेले नसतात. कधी हे घराण्यातून येते. युरोपातल्या हाब्सबुर्ग राजघराण्याची पुढे आलेली हनुवटी पिढ्यान्‌पिढ्यांच्या तैलचित्रांत दिसते. दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या काही मुलांत वरचा जबडा मागे राहतो. लहानपणी हनुवटीवर आपटलेल्या मुलाचा कानाजवळचा सांधा कधी कधी आखडतो आणि त्या बाजूची वाढ खुंटते. म्हणून पडल्यानंतर मुलाचे तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर आईबापांनी ते अंगावर काढू नये.

‘मग तारा लावा की!’ असे कुणीही म्हणेल. तारांनी दात हलतात, वाढ संपलेले हाड हलत नाही. इथे मला माझ्या जुन्या धंद्यातला दाखला आठवतो. ३१ मार्च जवळ आला की काही मंडळी ताळेबंद असा सजवतात, की तूट दिसू नये. निसर्गही तेच करतो. खालचा जबडा पुढे गेला, की खालचे दात आत कलतात आणि वरचे बाहेर झुकतात. दोघे मिळून हाडांतली तफावत झाकतात. ऑर्थोडॉन्टिस्ट पहिले काम करतो ते ही सजावट उतरवण्याचे. तो दातांना त्यांच्या हाडावर सरळ उभे करतो आणि खरी तूट उघडी पडते. याला साधारण वर्ष-दीड वर्ष लागते, आणि या काळात चेहरा सुधारण्याऐवजी बिघडल्यासारखा दिसतो.

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचे हेच झाले. आठ-दहा महिन्यांत हनुवटी अधिकच पुढे दिसू लागली. आजीने घर डोक्यावर घेतले. ‘पैसं मोजून पोरीचं त्वांड बिघडवून आणलंसा!’ पुष्कळ घरांचा धीर इथेच सुटतो. मुलीचा सुटला नाही, कारण पुढे काय घडणार आहे हे तिला आधीच समजावून सांगितले होते.

पुढचे काम शल्यविशारदाचे. १८४९ साली अमेरिकेत सायमन हलिहेन यांनी भाजल्याच्या व्रणाने विद्रूप झालेला एका तरुणीचा जबडा कापून सुधारला होता. पण आजच्या पद्धतीचा पाया ह्यूगो ओब्वेगेसर या ऑस्ट्रियन शल्यविशारदाने घातला. खालच्या जबड्याचे हाड तोंडाच्या आतूनच उभे चिरून मागेपुढे सरकवण्याची त्यांची रीत १९५७ साली वैद्यकीय जगापुढे आली. चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही. हाड नव्या जागी टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी पक्के करतात. पूर्वी जबडा आठवडेच्या आठवडे तारेने बांधून ठेवावा लागे, आता बहुतेकांना तेवढे सोसावे लागत नाही.

तरी हा खेळ नव्हे. पूर्ण भूल, सुजलेला चेहरा, कित्येक आठवडे पातळ आणि मऊ अन्न! त्या मुलीने पांढरा रस्साही गाळून प्यायला. खालचा ओठ काही काळ बधिर राहतो, काहींत तो बधिरपणा कायमचा राहतो. त्यानंतरही काही महिने तारा असतातच.

म्हणून वाचकहो, घरात असा प्रश्न असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. प्रौढांवरची ही शस्त्रक्रिया वाढ थांबल्यावरच बहुधा करतात. मुलींची वाढ आधी थांबते, मुलांची उशिरा. तारा लावणारा आणि शस्त्रक्रिया करणारा, दोघांनी पहिल्या दिवसापासून एकत्र आराखडा आखलेला असावा. काही रुग्णांत आधी शस्त्रक्रिया आणि मग तारा असाही क्रम ठेवतात, पण तोही दोघांनी मिळून ठरवायचा असतो. आपल्या जिल्ह्यात नवे पारगावला दंतमहाविद्यालय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंतमहाविद्यालये आहेत. चौकशीला सुरुवात तिथून करता येईल.

आणि हा निर्णय पाहुणे बघायला यायचे आहेत म्हणून घेऊ नका. दोन-अडीच वर्षे तारा, वेदना आणि गाळलेला रस्सा ज्याला सोसायचा आहे, ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणायचा हक्क त्याचाच आहे. आमच्या सहकाऱ्याच्या मुलीला मी विचारले, ‘आरशात पाहून काय वाटले?’ ती म्हणाली, ‘काका, आरशाचं नंतर. आधी मी पेरू चावून बघितला.’