मुंबई उपनगरांतील उजव्या विचारांची मराठी नियतकालिके

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या मुंबईच्या उपनगरांत उपलब्ध असणारी उजव्या विचारांची मराठी नियतकालिके मुख्यतः दोन प्रवाहांतील आहेत. साप्ताहिक ‘विवेक’ व दैनिक ‘मुंबई तरुण भारत’ ही राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारांशी निगडित, तर ‘मार्मिक’ (स्थापना १३ ऑगस्ट १९६०) व ‘सामना’ ही बाळासाहेब ठाकरे यांनी सुरू केलेली नियतकालिके होत.

केवळ नावावरून निवड केल्यास वाचकाची फसगत होण्याचा संभव असतो. बेळगावचा ‘तरुण भारत’ बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये काढला. सीमाभागातील मराठी भाषकांची बाजू मांडणे ही त्याची ओळख. नागपूरचा ‘तरुण भारत’ १९४४ पासून ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या संपादकत्वाखाली निघू लागला. नाव एक असले तरी ही स्वतंत्र पत्रे आहेत.

‘हिंदुत्ववादी’ हे विशेषणही अपुरे पडते. ‘सामना’ हे पक्षाचे मुखपत्र असल्याने त्याचे अग्रलेख पक्षाच्या धोरणाबरोबर वळतात. फेब्रुवारी २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत राज्यातील सत्तेत भागीदार असलेले शिवसेना (८४ जागा) व भाजप (८२ जागा) परस्परांविरुद्ध लढले. २०१९ मध्ये युती तुटली. २०२२ च्या फुटीनंतर ‘सामना’ उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडे राहिला. त्यामुळे एकाच घटनेवर ‘सामना’ आणि ‘मुंबई तरुण भारत’ यांची मते परस्परविरोधी आढळतात.

आर्थिक प्रश्नांवर तर संघपरिवारातही एकवाक्यता नाही. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या स्वदेशी जागरण मंचाने भाजपप्रणीत सरकारांच्या परकीय गुंतवणूक धोरणावरही टीका केली आहे.