‘सबमिट’ न दाबताही पत्ता जातो

खरेदीचा ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला, ईमेल पत्ता टाइप केला आणि ऐनवेळी विचार बदलून पान बंद केलं. ‘सबमिट’ दाबलंच नाही, म्हणजे पत्ता आपल्यापाशीच राहिला, असं आपण धरून चालतो. २०२२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी एक लाख लोकप्रिय संकेतस्थळं तपासली, तेव्हा वेगळंच उघड झालं. अमेरिकेतून पाहिल्यास २,९५० आणि युरोपातून पाहिल्यास १,८४४ संकेतस्थळांवरून असा पत्ता ‘सबमिट’ करण्याआधीच तिऱ्हाईत ट्रॅकिंग कंपन्यांकडे पोहोचत होता.

ईमेल पत्त्यावरच एवढा डोळा का? फोन बदलतो, कुकीज पुसता येतात. पत्ता मात्र वर्षानुवर्षं तोच राहतो आणि दुकानापासून सिनेमाच्या तिकिटापर्यंत सगळीकडे तोच दिला जातो.

कंपन्या सांगतात, आम्ही पत्ता उघडा ठेवत नाही, त्याचा ‘हॅश’ करतो. एसएचए-२५६ हे सूत्र कोणत्याही पत्त्यापासून ६४ अक्षर-अंकांची ओळ बनवतं. त्या ओळीवरून मूळ पत्ता काढणं अवघड असतं, पण तोच पत्ता कुठेही दिला तरी ओळ तीच येते. त्यामुळे दोन याद्यांतल्या ओळी जुळल्या, की दोन्हीकडचं गिऱ्हाईक एकच आहे हे कळतं. एका यादीत नाव आणि फोन नंबर असेल, तर दुसरीकडचा अनामिक पाहुणाही नावानिशी सापडतो. या जुळवाजुळवीला आयडेंटिटी रिझोल्यूशन म्हणतात.

ईमेल हाती नसेल, तर अंदाज बांधला जातो. आयपी पत्ता, स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइम झोन अशा बारीकसारीक खुणांवरून ब्राउझर ओळखतात. २०१० मध्ये संशोधक पीटर एकर्सली यांनी सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले. त्यांतल्या ८३.६ टक्के ब्राउझरांच्या खुणा दुसऱ्या कुणाशीही जुळल्या नाहीत. या रीतीत चुकाही होतात. एकाच वायफायवरच्या दोघांची गल्लत होऊ शकते आणि एकाने पाहिलेल्या औषधाची जाहिरात दुसऱ्याला दिसू शकते.

हॅश केल्याने माहिती निनावी होत नाही, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही, ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिकच मानली आहे.

कायदा असला, तरी आपल्या हातातलं आपण करावं. खरेदीसाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवावा, तिऱ्हाईत कुकीज बंद कराव्यात आणि घ्यायचं नक्की झाल्याशिवाय फॉर्ममध्ये एक अक्षरही टाइप करू नये.